दुसरा पट्टा

"एक की दोन?" असं दलालाने फोनवर विचारलं तेव्हा मला वाटलं, तो बेडरूमबद्दल विचारतो आहे. मी म्हटलं, "एक पुरे." त्यावर तो म्हणाला, "मॅडम, मी कुत्र्यांचं विचारतोय. एक असेल तर मालकाशी बोलून बघतो. दोन असतील तर आत्ताच सांगा, उगाच चपला नकोत झिजवायला."

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीनंतर घरं रिकामी करून द्यायची आणि पुढची तीन वर्षं (बिल्डरच्या हिशोबाची तीन) भाड्याच्या घरात काढायची. आमच्याकडे पिंट्या आहे. नऊ वर्षांचा, तपकिरी, गावठी, आणि झोपेत घोरणारा. हा झाला एक. दुसरी अजून आमची नाही. ती फाटकाजवळ वॉचमनच्या खुर्चीखाली राहते, काळी आहे म्हणून तिचं नाव काळी, आणि एका कानाला खाच आहे. ही खाच म्हणजे निर्बीजीकरण झाल्याची खूण. वय चारेक वर्षं असावं. इमारत पडली की वॉचमनची नोकरी जाणार, खुर्ची जाणार आणि खुर्चीखालची सावलीही जाणार.

हयातभर ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला प्रश्न पडला की तो आधी कपाटाकडे जातो. गेले चार महिने मी तेच केलं. घरात एक कुत्रा असताना दुसरा आणावा की नाही, या प्रश्नावर कोणी काय अभ्यासलं आहे ते शोधलं, आणि त्यातलं किती मुलुंडच्या एका खोलीला आणि स्वयंपाकघराला लागू पडतं ते ताडून पाहिलं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या घरात एक कुत्रा आहे, तिथे हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. निघतो तोही बहुधा एकाच शब्दांत: "याला बिचाऱ्याला सोबत हवी."

मुंबईतल्या 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेने काही वर्षांपूर्वी आपल्या दत्तक मेळाव्यासाठी केलेली छायाचित्रं काही वाचकांना आठवत असतील. अमोल जाधव यांनी टिपलेल्या त्या चित्रांत काळोखात जवळजवळ बसलेली माणसं दिसतात, आणि नीट पाहिलं की त्यांच्यामधल्या उजळ मोकळ्या जागेला कुत्र्याचा किंवा मांजराचा आकार आलेला असतो. घरात आणखी एकासाठी जागा नेहमीच असते, असा त्याचा आशय. जाहिरात म्हणून ती चित्रं फार सुंदर आहेत. मी मात्र ती पाहून उठले आणि टेप घेऊन आमच्या बाहेरच्या खोलीची मोकळी जमीन मोजली. दिवाण, टीव्हीचं कपाट आणि पिंट्याची गादी सोडली तर उरते ती सहा फूट बाय साडेचार फूट. मनातल्या जागेचं माप वेगळं असतं हे खरं, पण रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाचा पाय शेवटी या सहा बाय साडेचारातच पडतो.

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवा आहे, कारण अंगणाला मोजदाद नव्हती. वैश्वदेवानंतर कुत्र्याचा घास वेगळा काढायचा, पण कुठल्या कुत्र्याचा, हे कोणी ठरवलेलं नसे. धनगराच्या वाड्यावर तीन असोत की पाच, मेंढरांच्या हिशोबाने असत. नामदेवांची पोळी घेऊन पळालेला आणि ज्याच्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले तो कुत्रा कोणाचा होता, असं कथा सांगणारा सांगत नाही. दत्ताच्या पायाशी तर चार आहेत, आणि कोणत्याही गृहनिर्माण संस्थेने त्यांना नोटीस दिलेली नाही. या सगळ्या कुत्र्यांना घास होता, मान होता, पण उंबरा नव्हता. उंबऱ्याच्या आतला कुत्रा हा मध्यमवर्गीय मराठी घरात अलीकडचा पाहुणा. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी'त तो पाहुणा आणि त्याचे यजमान दोघेही भेटतात, आणि वाचणारा हसतो तो कुत्रा पाळणाऱ्यांना, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच मुंबईत पारशी समाजाची रीत निराळी होती. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात. मृत्यूनंतरच्या 'सगदीद' या विधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध फोर्टमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद राहिली, शिपायांवर हल्ले झाले. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होतं, आणि त्या लोभाने लोकांच्या आवारातली कुत्रीही उचलली जात होती. इतिहासाच्या पुस्तकांत ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली आहे. मला त्यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो तो असा: भटका आणि पाळलेला यांच्यामधली रेघ या शहरात पहिल्यापासून पुसट आहे. काळी भटकी आहे का? ती चार वर्षं एकाच फाटकावर आहे. आमच्या इमारतीतली काही माणसं तिच्यापेक्षा कमी काळ इथे राहिली आहेत.

एक शब्दाचं अवांतर. 'दत्तक' हा शब्द कुत्र्यामांजरांसाठी आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सर्रास वापरायला लागलो. मूळ शब्दाला मात्र कायद्याची फार मोठी परंपरा आहे, आणि त्या परंपरेत 'दुसरा' बसत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार मुलगा हयात असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असताना मुलगी घेता येत नाही. दत्तक हा रिकाम्या जागेसाठी असतो, ही त्यामागची जुनी धारणा. याच कायद्यात आणखी एक अट आहे: दत्तहोम नसला तरी चालेल, पण देणाऱ्याने प्रत्यक्ष दिलं पाहिजे आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष घेतलं पाहिजे. कुत्र्यांना हा कायदा लागू नाही, पण ही अट माझ्या डोक्यात राहिली. काळीला देणारा कोण? मी वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, ये मेरी थोडी है. ये तो गेट की है."

आता त्या 'सोबत हवी'कडे वळू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

माणूस घराबाहेर पडला की काही कुत्री भुंकतात, दार ओरबाडतात, घरात घाण करतात. हा विरहाचा विकार ओळखीचा आहे, आणि त्यावर पहिला घरगुती उपाय सुचवला जातो तो दुसऱ्या कुत्र्याचा. २००१ मध्ये फ्लॅनिगन आणि डॉडमन या अमेरिकी संशोधकांनी असा विकार असलेली २०० कुत्री आणि वर्तनाच्या इतर तक्रारी असलेली २०० कुत्री यांची तुलना केली. एकट्या माणसाच्या घरातल्या कुत्र्यात हा विकार असण्याची शक्यता एकाहून जास्त माणसं असलेल्या घरातल्या कुत्र्यापेक्षा सुमारे अडीचपट निघाली. पण घरात दुसरा पाळीव प्राणी असणं-नसणं याचा या विकाराशी संबंध दिसला नाही. म्हणजे घरात माणसं किती यावर फरक पडतो, कुत्री किती यावर पडत नाही.

त्याआधीचा एक प्रयोग मला याहून बोलका वाटला. १९९६ मध्ये ट्यूबर, हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते नऊ वर्षांची आठ कुत्री घेतली. ती जोडीजोडीने, पिल्लं असल्यापासून एकाच पिंजऱ्यात वाढलेली होती. जोडीतल्या एकाला चार तास बाजूला नेलं, तर राहिलेल्याचं भुंकणं, हालचाल आणि ताणाचं संप्रेरक यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग कुत्र्यांना अनोळखी खोलीत ठेवलं. तिथे ते संप्रेरक वाढलं, एकटं असताना वाढलं आणि जन्माचा सोबती शेजारी असतानाही वाढलं. वाढलं नाही ते एकाच वेळी: त्यांना रोज सांभाळणारा माणूस बरोबर बसला होता तेव्हा. कुत्री फक्त आठ होती आणि ती पिंजऱ्यातली होती, त्यामुळे यावरून सगळ्या कुत्रेजातीबद्दल निकाल देऊ नये. पण आयुष्यभराच्या सोबत्याला जे जमलं नाही ते माणसाच्या नुसत्या बसण्याने झालं, हे वाचून मी पुस्तक मिटून पिंट्याकडे पाहिलं. तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता. मी दुपारी दोन तास बँकेत जाते तेव्हा त्याला काळी नको असते, मी हवी असते. हे कळल्यावर 'त्याच्यासाठी दुसरी' हे कारण मला मोकळेपणाने वापरता येईना.

"पण कुत्रा कळपातला प्राणी ना?" असं माझे मिस्टर म्हणाले. हा लांडग्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या निरीक्षणांत कुत्री गटाने राहतात, हद्द राखतात, पण अन्न शोधताना बहुतेक वेळा एकटीच फिरतात. कचऱ्याच्या ढिगाला शिकारीसारखी टोळी लागत नाही. याच गटाने असंही दाखवलं की रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याचा विश्वास मिळवायला वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार कुरवाळणं जास्त उपयोगी पडतं. आमच्या इमारतीत काळीला बिस्किटं टाकणारे पुष्कळ आहेत. वॉचमन टाकत नाही, पण तिच्या मानेवर हात ठेवून बसतो.

याचा अर्थ कुत्र्यांना एकमेकांचं काहीच नसतं असाही नाही. २०२२ मध्ये इटलीत ४२६ कुत्रापालकांना प्रश्नावली दिली गेली, ज्यांच्या घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक दगावला होता अशांना. ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाल्याचं सांगितलं: खेळणं कमी, खाणं कमी, माणसाला चिकटणं जास्त. उत्तरं माणसांची होती, त्यामुळे माणसाच्या दुःखाचा रंग त्यांत मिसळलेला असणार. तरी ते पूर्ण खोटं मानायचं कारण नाही. सोबतीला वेळ लागतो आणि ती झाली की तुटताना दुखते, एवढं त्यातून घेता येतं. म्हातारपणी सोबत म्हणून आणलेली काळी पिंट्याशी एकरूप होईपर्यंत पिंट्या किती वर्षांचा झालेला असेल, हा साधा हिशोब आहे. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा ते पंधरा वर्षं जगतो. तो नऊचा आहे.

सोबतीची दुसरी बाजू म्हणजे भांडण. व्हिएन्नाच्या फ्रीडेरिके रांगे यांचा २००९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन कुत्री शेजारी बसवून दोघांना पंजा द्यायला सांगायचं. एकाला खाऊ द्यायचा, दुसऱ्याला नाही. ज्याला मिळत नाही तो थोड्या वेळाने पंजा देणं बंद करतो. एकटा असताना खाऊ मिळाला नाही तर तो बराच जास्त वेळ पंजा देत राहतो. गंमत म्हणजे एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला नुसता पाव दिला, तर मात्र कोणाची तक्रार नव्हती. मिळणं-न मिळणं त्यांना कळतं, भारी-हलकं ते मनावर घेत नाहीत. (आमच्या एकत्र कुटुंबात उलट होतं.) पुढे २०१४ मध्ये हॅरिस आणि प्रूव्होस्ट यांनी ३६ कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना भुंकणारं खेळण्यातलं कुत्रं कुरवाळायला लावलं. मालक पुस्तक मोठ्याने वाचत असताना जी कुत्री स्वस्थ होती त्यांतली बरीच आता मध्ये घुसू लागली, मालकाला ढकलू लागली. हा मत्सरच का, यावर वाद आहेत. पण खोलीची मोकळी जागा सहा बाय साडेचार असेल तर त्या वादाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही.

एकाच घरातली कुत्री एकमेकांवर उठतात तेव्हा काय होतं, याचा एक जमिनीवरचा अभ्यास आहे. डॉडमन यांच्याच गटाने २०११ मध्ये भांडणाऱ्या ३८ जोड्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३० जोड्या समलिंगी होत्या. सुरुवात करणारा बहुतेक वेळा वयाने लहान आणि घरात नंतर आलेला असे. भांडणाला निमित्तं होती ती माणसाचं लक्ष, अन्न, सापडलेली वस्तू, आणि दारावर बेल वाजल्यासारखी उत्तेजना. यावरून कामाचं काही निघतं. कुत्र्याला कुत्री, कुत्रीला कुत्रा ही जोडी बरी. दोघांची शस्त्रक्रिया झालेली असावी. ताटल्या दोन आणि त्या दोन वेगळ्या खोल्यांत. जुन्याला जिथे कोणी त्रास देणार नाही अशी एक जागा राखीव. आमच्या बाबतीत पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात. तिसरीसाठी स्वयंपाकघर आहे. चौथीसाठी दिवाणाखालची जागा, तिथे सध्या माझ्या सासूबाईंच्या तांब्याच्या घागरी आहेत.

दुसऱ्याला आणायचं कसं, याची रीत आता बऱ्यापैकी ठरलेली आहे. ओळख घरात करून द्यायची नाही, कारण घर पहिल्याचं असतं. दोघांच्याही मालकीचा नसलेला रस्ता निवडायचा, दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये दहा-बारा फूट अंतर, आणि दोघांना एकाच दिशेने चालवायचं. समोरासमोर आणायचं नाही. सरळ डोळ्यांत बघणं हे कुत्र्यांत आव्हान असतं. अंतर रोज थोडं कमी करायचं. नाक नाकाला लागण्याआधी शेपटीकडे जाऊ द्यायचं. घरी आणल्यावरही काही आठवडे कोणी बघत नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही. या शेवटच्या अटीवरच उपनगरातले निम्मे बेत बारगळावेत, कारण दोन खोल्यांच्या घरात एकाला वेगळं ठेवणं म्हणजे एका माणसालाही वेगळं ठेवणं असतं.

त्याआधी डॉक्टर. रस्त्यावरून आलेलं पिल्लू असेल तर पार्व्हो आणि डिस्टेंपरची भीती. पार्व्होचा विषाणू मातीत आणि फरशीच्या खाचांत महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे पहिल्याची लस आणि तिची तारीख आधी पाहायची. मोठं कुत्रं असेल तर गोचीड आणि गोचिडीतून येणारा ताप. मुंबईतल्या पशुवैद्यांना गोचीडतापाची इतकी सवय आहे की कुत्रा सुस्त दिसला तर ते आधी रक्त काढतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तोही कुत्र्याकडून माणसापर्यंत येणारा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यापासून आणि मग दरवर्षी. नव्या कुत्र्याला पंधरा दिवस वेगळं ठेवा, असं पुस्तक सांगतं. आमच्याकडे वेगळं म्हणजे न्हाणीघर.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण तो विषय सरळ आहे. दुसऱ्या कुत्र्याचा खर्च निम्मा येतो असं लोक म्हणतात. माझ्या वहीप्रमाणे ते खरं नाही. एकत्र वापरता येतात ते ब्रश, टॉवेल आणि गोळ्या लपवायचं चीज. अन्न, लस, रक्ततपासणी, गावाला जाताना ठेवण्याचे दिवस, हे सगळं दुप्पट होतं. आणि दोघं एकदमच आजारी पडले तर पैशापेक्षा हात कमी पडतात. आमच्याकडे हात चार आहेत. त्यांतले दोन ज्यांचे, त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली.

कायद्याची बाजू लोकांना वाटते तेवढी वाईट नाही, आणि वाटते तेवढी उपयोगाचीही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणतीही गृहनिर्माण संस्था, बहुमताने ठराव करूनसुद्धा, कुत्रा पाळण्यावर बंदी घालू शकत नाही. लिफ्टही नाकारू शकत नाही. पाळणाऱ्याने महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस या दोन गोष्टी सांभाळायच्या. म्हणजे स्वतःच्या घरात तुमची बाजू भक्कम. पण पुनर्विकासात तुमचं स्वतःचं घर तीन वर्षं कागदावर असतं आणि तुम्ही भाडेकरू असता. घरमालकाला नाही म्हणायला ठराव लागत नाही. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत जुन्या इमारती अशा ओळीने रिकाम्या होत आहेत, आणि प्रत्येक रिकाम्या इमारतीबरोबर कुत्र्यांचे दोन गट बेघर होतात: घरातले, ज्यांना नव्या मालकाने नाकारलं, आणि फाटकावरचे, ज्यांना कोणी विचारलंच नाही. घरातलं कुत्रं उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये.

काळीसाठी इमारतीतल्या लोकांनी सुचवलेले पर्याय मी लिहून ठेवले आहेत. कोणी म्हणालं, कर्जतला फार्महाऊसवर सोडा. कोणी म्हणालं, पश्चिमेला डोंगराच्या कडेला सोडा, तिथे मोकळं रान आहे. ते मोकळं रान म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. २०१८ च्या एका अभ्यासात उद्यानातल्या सुमारे ३५ बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आणि वर्षाला खाल्ली जाणारी कुत्री पंधराशेच्या घरात असावीत असा अंदाज मांडला आहे. बिबट्यांमुळे मुंबईकरांना होणारे कुत्र्यांचे चावे कमी होतात, असा त्या अभ्यासाचा सूर होता, आणि शास्त्र म्हणून तो ठीकच आहे. पण सुचवणाऱ्या गृहस्थांना मी आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग निसर्गच बघून घेईल." त्यानंतर मी त्यांच्याशी या विषयावर बोलले नाही.

खरं तर तिला कुठेही सोडता येत नाही. आधी २००१ चे आणि आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की भटक्या कुत्र्याला उचलून शस्त्रक्रिया केली की त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. यामागे विचार आहे. हद्दीतलं ओळखीचं, लस टोचलेलं कुत्रं राहिलं तर नवं कुत्रं सहज शिरत नाही, आणि पिल्लांची भर थांबते. महापालिकेसाठी २०१४ मध्ये झालेल्या मोजणीत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री होती. एवढ्यांना निवारे कुठले? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला, आणि अकरा दिवसांनी मोठ्या पीठाने तो बदलून शस्त्रक्रिया आणि लस झालेली कुत्री जागच्या जागी परत सोडायला सांगितलं, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे: कोणाला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर अर्ज करावा, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची.

पण या सगळ्या नियमांत 'जागा' टिकून राहते असं गृहीत आहे. आमच्या बाबतीत कुत्री तिथेच राहील आणि जागाच जाईल. पत्रे लागतील, जेसीबी येईल, पंचवीस फुटांचा खड्डा होईल. भद्रांच्याच गटाच्या एका नोंदीप्रमाणे रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगतात, आणि मरणाऱ्यांपैकी ६३ टक्के माणसाच्या या ना त्या कारणाने मरतात. काळी त्या १९ टक्क्यांतली. ती हुशार आहे, ट्रकची तिला समज आहे, बाजूच्या इमारतीचा वॉचमनही तिला ओळखतो. कदाचित ती पलीकडच्या फाटकावर जाईल आणि तिथल्या दोन कुत्र्यांशी तिचं जमेल. हाही पर्याय आहे आणि तो वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. चार वर्षं मोकळी राहिलेल्या कुत्रीला तिसऱ्या मजल्यावर बंद दार हे सुख वाटेल असं आपण धरून चालतो. तिला कोणी विचारलेलं नाही.

म्हणून आम्ही विचारायला सुरुवात केली. सहा आठवडे झाले. पहाटे साडेपाचला मिठागर रोडला पिंट्याला मी घेते, आणि काळी वॉचमनच्या मागे येते. पहिल्या आठवड्यात ती फाटकापासून शंभर पावलांवर थांबे आणि परत जाई. आता नाक्यापर्यंत येते. तिच्यासाठी आणलेला लाल पट्टा गळ्यात घातला की ती दगडासारखी बसते, म्हणून तो घालून लगेच काढतो, मानेवर हात फिरवतो, उद्या पुन्हा. पिंट्याने पहिले चार दिवस मानेवरचे केस उभे केले, मग दुर्लक्ष केलं. आता तो ती मागे राहिली तर वळून बघतो. एवढ्यावर मी काही सिद्ध करत नाही.

मधल्या काळात मला माझं कारण मात्र दिसू लागलं. पिंट्याला सोबत हवी हे ते नव्हतं. पिंट्या गेल्यावर घर रिकामं होईल, ही माझी भीती होती, आणि मी तिला त्याच्या एकटेपणाचं नाव दिलं होतं. ते बाजूला काढल्यावर राहतो तो प्रश्न साधा आहे. दोघांचं कधीच जमलं नाही, दोघांना आयुष्यभर वेगळं फिरवावं लागलं, वेगळं जेवू घालावं लागलं, तर आम्ही करू का? मी एकसष्टची आहे. काळी चौदाची होईल तेव्हा मी एकाहत्तरची असेन. मिस्टरांशी बोलले. ते म्हणाले, "तळमजला मिळाला तर करू." गुडघ्याचं उत्तर होतं, पण मनापासूनचं होतं. मी दलालाला 'दोन' सांगितलं.

त्याने तीन घरं गमावली. चौथं भांडुपला आहे, तळमजला, मागे चार फुटांची फरसबंद गल्ली. मालक एका महिन्याची अनामत जास्त मागतो आणि कुत्री किती भुंकतात ते स्वतः ऐकायला रविवारी येणार आहे. बाहेर काढलेल्या तांब्याच्या घागरी नणंदेकडे गेल्या.

काळी काल रात्री पहिल्यांदा जिना चढून आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत. तिथे बसली, वर आमच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि खाली फाटकाची कडी वाजल्यावर उठून गेली. पट्टा दाराच्या खिळ्याला आहे, पिंट्याच्या पट्ट्याशेजारी. आज दुसऱ्या मजल्यावर पाण्याचं भांडं ठेवलं आहे.